आभाळाकडे नको, काळाघोड्याच्या आकड्याकडे बघ

पत्र (लांब होतं, थोडं आटोपशीर करून देतेय):

"ताई, आम्ही बडोद्यात समा भागात तळमजल्याच्या टेनामेंटमध्ये राहतो. घरात मी, नवरा, सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. २०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे कमरेइतकं पाणी आलं, फ्रिज, गाद्या, वॉशिंग मशीन, लग्नाचा अल्बम सगळं गेलं, तीन दिवस गच्चीवर आणि शेजाऱ्यांच्या जिन्यात काढले. सासूबाईंना डायबिटीस आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघे पार गेलेत. सासरे म्हणतात देवघर सोडून मी कुठे जाणार नाही, मागच्या वेळीही सगळ्यात शेवटी निघाले. नवऱ्याची मकरपुऱ्याला शिफ्ट ड्युटी, तो म्हणतो तू उगाच टेन्शन घेतेस, वेळ येईल तेव्हा बघू. मी यूट्यूबवर बघून इमर्जन्सी किटची यादी केली तर चाळीस वस्तू झाल्या, घरात सगळे हसले. आणि मुलगा, जरा जोराचा पाऊस आला की बाथरूमच्या जाळीपाशी जाऊन उभा राहतो, बोलत नाही, नुसता बघत राहतो. मे संपत आलाय. सुरुवात कुठून करू?"

अगं, तुझ्या लेकाचं आधी बोलूया कारण पत्रात मी तिथेच अडकले. तो जाळीपाशी उभा राहतो ते खुळ्यासारखं नाही, त्याने बघितलंय. आपल्याला वाटतं पुराचं पाणी दारातून येतं, आपण उंबऱ्याला पोती लावत बसतो आणि पाणी येतं बाथरूमच्या जाळीतून आणि संडासातून, कारण बाहेरची गटारलाइन भरली की ते सगळं उलटं घरात चढतं, आधी नुसतं गुडगुड, मग काळपट पाणी, मग तो वास. तुमच्या घरात बरोबर जागी लक्ष असलेला तो एकटाच आहे. त्याला "काही नाही होत रे" असं म्हणू नका, झालंय ते, त्याच्या डोळ्यांसमोर झालंय, आणि आपण खोटं बोलतोय हे नऊ वर्षांच्या पोराला लगेच कळतं. त्याला काम द्या. काय काम ते पुढे सांगते.

(माझ्यापेक्षा लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नको.)

आता ती चाळीस वस्तूंची यादी. यादी चुकीची नाही, हसण्यासारखी तर अजिबात नाही, पण ती नंतरची गोष्ट आहे. आधी ठरवायचं असतं ते हे की कधी निघायचं, कुठे जायचं आणि कोणी काय उचलायचं, आणि हे सगळं कोरड्या दिवशी, चहा पिताना, सगळे समोर असताना. हे मी इतकं ठासून का सांगतेय तर २०१९चा पूर मी कारेलीबागेत तळमजल्यावर काढलाय. ३१ जुलैला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला होता. आमच्या घरी सगळं होतं गं, टॉर्च, सेल, बिस्किटं, औषधं, सगळं. फक्त "चला, निघूया" म्हणणारं कोणी नव्हतं. मी म्हणतेय यांना विचारते, हे म्हणताहेत आई काय म्हणते बघू, आई म्हणताहेत ओसरेल आत्ता. संध्याकाळी पाचला रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं, साडी वर खोचून चालत गेलो असतो. रात्री साडेअकराला सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सोसायटीतल्या चार मुलांनी खांद्यावर घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये नेलं, पाणी त्या मुलांच्या छातीला, लाइट नाही, आणि मी बाजूने एका हाताने औषधांची पिशवी डोक्यावर धरून. मध्येच खुर्चीचा पाय पाण्यात कशाला तरी घासला, सासूबाईंनी माझं दुसरं मनगट जे धरलं ते जिन्यात टेकेपर्यंत सोडलं नाही, बोटांचे वळ दोन दिवस दिसत होते. साडेसहा तास आम्ही फक्त कोण ठरवणार यात घालवले.

म्हणून आधी आकडा ठरवा. तो कसा ठरवायचा ते सांगते, त्यासाठी आपली नदी समजून घ्यायला लागते. विश्वामित्री येते पावागढच्या बाजूने, वरती आजवा सरोवर आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, आणि प्रतापपुरा सरोवर आहे, तिकडे पाऊस झाला आणि ती भरली की ते पाणी नदीतून आपल्याकडे यायला काही तास लागतात. पुढे ही ढाढर नदीला मिळते, आणि ढाढरच तुडुंब असली की हिचं पाणी पुढे सरकत नाही, शहरातच फुगत बसतं. म्हणूनच बडोद्याचा पूर फसवा आहे, पाऊस थांबतो, ऊन सुद्धा पडतं, लोक गॅलरीत उभे राहून म्हणतात चला सुटलो, आणि पाणी त्यानंतर चढतं. २०२४ला आठव ना, धो धो पाऊस गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, आणि खरे हाल त्यानंतरचे तीन दिवस. तेव्हा आभाळाकडे बघून काही ठरवायचं नाही. बघायचे ते दोनच आकडे, आजव्याची लेव्हल किती आहे आणि शहरात काळाघोड्याच्या पुलाला नदी किती फुटांवर आहे. पावसात हे आकडे लोकल बातम्यांमध्ये सतत येत असतात. २५-२६ फुटांना धोक्याची पातळी धरतात, २०२४ला नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. नंतर २०२५मध्ये नदी खोल आणि रुंद करायचं मोठं काम झालं, ते चांगलंच झालं, पण त्यावर विसंबून सासूबाईंना तळमजल्यावर झोपवू नको.

पण धोक्याची पातळी शहराची झाली, तुझ्या गल्लीची वेगळी असणार. हे काम या आठवड्यातच कर. गल्लीत जे जुने राहणारे आहेत, ज्यांनी २००५ पासूनचे पूर बघितलेत, त्यांना विचार की काळाघोड्याला किती फूट असताना आपल्या नाक्यावर पाणी येतं, किती असताना गेटच्या आत. व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२४चे मेसेज आणि फोटो अजून असतील, त्यांची वेळ बघ आणि त्या वेळच्या बातमीतला आकडा जुळव, तासाभराचं काम आहे. समज, तुझ्या हिशोबात २६ला गेटमध्ये पाणी येतं असं निघालं, तर २१-२२ आणि चढती असताना सामान वर, आणि २३ला आई-बाबा घराबाहेर, उजेड असताना. हे आकडे मी उदाहरण म्हणून देतेय हं, तुझे तू काढ. आणि रात्र पडायला आली असेल तर आकड्याची सुद्धा वाट बघायची नाही, दोन फूट आधीच निघायचं, अंधारात म्हातारी माणसं हलवणं काय असतं ते वर लिहिलंच आहे. एक कागद घे, दोन आकडे मोठ्या अक्षरात लिही, फ्रिजवर चिकटव. मग त्या दिवशी कोणी कोणाला घाबरट म्हणायचा प्रश्न येत नाही, आकडा झाला की निघायचं, बस्स. चारदा निघालात आणि पाणी आलं नाही तर चारदा शेजाऱ्यांकडे चहा पिऊन परत आलात एवढंच.

आणि लेकाचं काम हेच. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी नदीचा आकडा बघून कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. जाळीकडे बघत उभं राहण्यापेक्षा हे बरं, कारण जाळी सांगते तेव्हा उशीर झालेला असतो आणि आकडा आधी सांगतो, हे त्याला असंच समजावून सांग, त्याला कळेल. बहुतेक दिवशी आकडा छोटाच असतो हेही त्याच्याच हाताने लिहिलेलं त्याला दिसेल. शिवाय जाळी बंद करायचं खातं पण त्याचंच, प्लास्टिकच्या जाड पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधून ठेवा, दोन बाथरूमच्या जाळीवर, एक मोठी संडासात. वजन त्याला झेपणार नाही, पण पिशव्या कुठे ठेवल्यात आणि कुठली कुठे बसते ते त्याला माहीत असू दे. एवढ्याने पूर अडत नाही, पण गटाराचं पाणी चढायचं लांबतं आणि तेवढ्यात सामान उचलून होतं. आणि त्याला तुमचे दोन मोबाइल नंबर तोंडपाठ पाहिजेत, फोनमध्ये असून उपयोग नाही.

आता बाबा. देवघर सोडणार नाही म्हणतात त्याला हट्ट समजू नको. त्या वयात एकेक गोष्ट हातातून सुटत जाते, नोकरी गेली, गाडी चालवणं गेलं, आता घरात मान आहे तो देवघराशी. त्यांना "तुम्हाला चलावंच लागेल" असं म्हटलंस की ते आणखी घट्ट बसतील. त्यांना असं विचार, की बाबा, आपले पूर्वज देशावरून इथे गायकवाडांच्या चाकरीला आले तेव्हा देव मागे ठेवून आले का? टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, सगळे गाठोड्यात बांधून बरोबर आणलेत, म्हणून तर आज बडोद्यात आपल्या घरी आहेत. देव हलवायची आपल्याकडे रीत आहे. एक घट्ट झाकणाचा डबा त्यांच्या हातात दे, आत मऊ पंचा, आणि सांग की आकडा झाला की देव तुम्ही उचलायचे आणि पहिले तुम्ही निघायचं, देवांना पाण्यात उभं ठेवायचं नाही. पहिले तेच निघाले की सासूबाई मागोमाग निघतात, माझा अनुभव आहे. जाताना घराला कुलूप लावायचं, चाव्या त्यांच्याकडे.

सासूबाईंचं जरा सविस्तर. चालू असलेलं इन्सुलिनचं पेन किंवा बाटली साधारण महिनाभर बाहेर राहू शकते, फार उष्णता नको आणि ऊन नको एवढंच, कंपनीप्रमाणे दिवस कमी-जास्त असतात ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि डॉक्टरांना विचारून घे. प्रश्न येतो फ्रिजमधल्या न उघडलेल्या स्टॉकचा, कारण लाइट दोन-तीन दिवस जाऊ शकते. त्यासाठी कुंभाराकडून दोन माठ आण, एक मोठा, एक त्यात बसेल असा छोटा, मधल्या फटीत वाळू, वाळूवर पाणी शिंपडत राहायचं, छोट्यात इन्सुलिन कोरड्या डबीत घालून वर ओलं फडकं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण निभतं. बर्फात थेट ठेवू नको, गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं. सोबत सुया, ग्लुकोमीटर, त्याचे सेल, स्ट्रिप्स, आणि साखरेच्या पुड्या, कारण अशा दिवसांत जेवणाची वेळ चुकते आणि शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम, थरथर, बडबड असं काही झालं तर शुद्धीवर असतील तोपर्यंत लगेच साखर द्यायची. गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो तुझ्या, नवऱ्याच्या आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या फोनमध्ये.

गावाबाहेरचा माणूस हे महत्त्वाचं बरं का. पुरात एकमेकांना फोन लागत नाहीत, पण बाहेरगावी बऱ्याचदा लागतो, नाहीतर साधा एसएमएस जातो. इंदूरला कोणी मावशी, पुण्याला दीर, कोणीही एक ठरवा. नवरा मकरपुऱ्याला अडकला तर त्याने तुला पन्नास फोन न लावता तिकडे एक निरोप टाकायचा, तूही तिकडेच टाकायचा. मागच्या वेळी तो कामावर होता का घरी ते तू लिहिलं नाहीस, पण शिफ्टवाल्या माणसाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची, पाणी असेल तर घरी यायचा प्रयत्न करायचा नाही. घोट्याच्या थोडं वर वाहतं पाणी सुद्धा माणसाला पाडतं, फूट-दीड फूट वाहत्या पाण्यात छोटी गाडी उचलली जाते, आणि आपल्याकडे तर त्या पाण्यात काय असेल सांगता येत नाही. तुम्ही सुरक्षित आहात हा निरोप वेळेवर मिळाला तर तो तिकडेच थांबेल, नाही मिळाला तर निघेल, कोणीही निघेल.

लाइटचं. पाणी घरात यायच्या आधी मेन स्विच बंद, आणि त्याबरोबर इन्व्हर्टर पण बंद. हे बहुतेक जण विसरतात, मेन पाडला तरी इन्व्हर्टर घरात करंट देतच असतो आणि तो असतो नेमका जमिनीवर. शक्य असेल तर आत्ताच इलेक्ट्रिशियनला बोलावून इन्व्हर्टर आणि खालचे प्लग २०२४च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, भिंतीवर कपाटामागे ती रेघ अजून असेल, रंग दिला तरी दिसते. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, तशी वेळ आली तर स्विच राहू दे, बाहेर पड आणि वीज कंपनीला फोन कर. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधून ठेव, सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो.

सामानात काय उचलायचं ते तुला मागच्या वेळी काय गेलं त्यावरून कळलंच आहे. गाद्या, फ्रिज यांच्यामागे धावू नको. कागद आधी. घराचा दस्तावेज, वेऱ्याच्या म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, पॉलिसी, आधार, शाळेचे दाखले, बँकेचं, सगळं एका झिपच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये आणि तो फोल्डर दाराजवळच्या वरच्या कप्प्यात, कपाटाच्या तळाशी नको. जे डिजिलॉकरमध्ये येतं ते आजच घालून टाक, बाकीच्याचे फोटो काढून बाहेरगावच्या माणसाला पाठव. आणि उरलेले जुने फोटो सुद्धा मोबाइलने काढून ठेव गं, अल्बम गेला लिहिलंस ना, फ्रिज परत येतो, ते नाही येत. माझ्या आईची पत्रं पलंगाखालच्या ट्रंकेत होती, तीन दिवसांनी उघडली तेव्हा शाई सगळी पाण्यात गेली होती आणि कागद एकमेकांना चिकटून एक निळा लगदा, त्यात फक्त एका पाकिटावरचा पत्ता वाचता येत होता.

पाणी. माणशी रोज तीन लिटर पिण्यापुरतं धरलं तर तुम्हा पाच जणांचे तीन दिवसांचे ४५ लिटर होतात, वीस-वीसचे दोन जार आणि काही बाटल्या, ज्यांच्याकडे जाणार त्यांच्या घरी ते आधीच पोचवलेले बरे. वरची टाकी आकडा चढायला लागला की लगेच भरून ठेव, लाइट गेल्यावर मोटर चालणार नाही. तुमच्याकडे अंडरग्राउंड टाकी असणारच, तिच्या झाकणाच्या कडेने प्लास्टिक दाबून वर वजन ठेव, तरी पुराचं पाणी आत जातंच असं धरून चाल. नंतर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरीन घालून मगच वापरायची, वरवर स्वच्छ दिसलं तरी, त्यात गटार मिसळलेलं असतं. तोपर्यंत प्यायचं पाणी खळखळून उकळायचं. ओआरएसची पाकिटं ठेव, नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, अंदाजपंचे नाही.

खायचं आपल्याकडे सोपं आहे, त्याचं टेन्शन घेऊ नको. दशम्या, थेपले, खाखरे, भाजलेले शेंगदाणे, चिवडा, फुटाणे. आपल्या गुजराती शेजारणींना विचार, शीतळा सातमला त्या आदल्या दिवशी रांधून दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता सगळं घर जेवतं, दरवर्षी, श्रावणात, बरोबर या पुराच्या दिवसांतच. २०२४ला सातम पाऊस यायच्या आदल्याच दिवशी होती आणि आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक त्या उरलेल्या थेपल्यांवर दोन दिवस जगले. सासूबाईंसाठी गोड सोडून, एवढं बघ.

पाणी उतरल्यावर लगेच आत पळत जाऊ नका. विश्वामित्रीत मगरी शेकड्यांनी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात, २०२४ला वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी वस्तीतून कितीतरी पकडल्या. साप तर असतातच. जिन्याखाली, पार्किंगमध्ये, बाथरूममध्ये, कपाटामागे आधी लांब काठी आपटायची, टॉर्च मारायचा, मग पाय. मगर दिसली तर लांब उभं राहून वनखात्याला कळवायचं, मुलांना व्हिडिओ काढायला जाऊ द्यायचं नाही. आत आल्यावर आधी फोटो, मग साफसफाई, प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या खुणेसकट, विम्याला आणि सरकारी सर्व्हेला लागतात. गाडी-स्कूटर बुडाली असेल तर स्टार्ट करून बघायची नाही, इंजिनात पाणी असताना सेल मारला की इंजिन जातं आणि विमा त्यावरून वाद घालतो, टो करूनच न्यायची. चिखल उपसताना बूट, हातमोजे, जखम असेल तर झाकून, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की पुराच्या पाण्यात होतो, लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा ताप, वेळेत ओळखला तर बरा होतो.

विम्यावरून आठवलं, घराचा विमा नसेल तर चौकशी कर. २०२१पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारख्या नियमांची पॉलिसी जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते, त्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात, भाड्याने राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचा पण घेता येतो. पावसाच्या आधी घे.

भूकंपाचं तू विचारलं नाहीस पण एक ओळ तरी लिहितेच, कारण पुराच्या भीतीने आपण सगळं जड सामान माळ्यावर चढवतो. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊला भूजचा भूकंप झाला तेव्हा बडोद्यात पण घरं हलली होती, अहमदाबादला तर बिल्डिंगी पडल्या. तेव्हा पितळेची भांडी, ट्रंका माळ्यावर ठेवायच्या तर पलंगाच्या बरोबर वर नकोत आणि कपाट भिंतीला क्लॅम्पने बांधून घ्या. हलायला लागलं तर जिन्याकडे धावायचं नाही, मजबूत टेबलाखाली, डोकं झाकून, थांबेपर्यंत. पुरात वर जायचं आणि भूकंपात आहे तिथेच, हे दोन मुलाला वेगवेगळं शिकव, नाहीतर घोळ होतो.

नंबर सांगते, लिहून ठेव. ११२ कुठल्याही मदतीला, १०८ अँब्युलन्स, १०७७ जिल्ह्याचा कंट्रोल रूम. एनडीआरएफची तुकडी आपल्या जवळच जरोदला असते, बोटी येतात, पण २०२४ला सगळं शहरच पाण्यात होतं, आपली गल्ली कितव्या नंबरावर येईल ते आपल्या हातात नाही.

नवऱ्याला पटवायचं तर भाषण नको. रविवारी त्याला घेऊन दोघं मिळून समोरच्या वरच्या मजल्यावर जा, ज्यांच्याकडे तुम्ही जाणार आहात त्यांच्याकडे. मागच्या वेळी जिन्यात बसावं लागलं कारण आधी बोलणं झालं नव्हतं, दार वाजवायला संकोच वाटला असणार, मला माहीत आहे तो संकोच. बेसनाचे लाडू घेऊन जा आणि सरळ विचार, की पाणी आलं तर आई-बाबांना तुमच्याकडे आणू का, दोन जार आणि एक पिशवी आत्तापासून ठेवू का. सासूबाईंना जिना किती चढवेल, मध्ये खुर्ची कुठे टेकवता येईल, ते नवऱ्याला तिथेच मोजू दे, पायऱ्या मोजताना तो आपोआप यात येईल. त्यांचं संडास वेस्टर्न आहे का तेही बघून ये, गुडघे दुखणाऱ्या माणसाचे तीन दिवस त्यावर अवलंबून असतात. आणि ते लोक सुट्टीत गावाला जात असतील तर चावी कोणाकडे असते ते विचारायला विसरू नको.